खेळाची बाई

शुवाई आमच्या मिशनच्या रुग्णालयात रुजू झाली त्या दिवशी तिच्या एका हातात सुटकेस होती आणि दुसऱ्या बगलेत रिकाम्या खोक्यांचे चपटे केलेले पुठ्ठे. मेट्रनने मला हळूच विचारलं, "ही थेरपिस्ट आहे की भंगारवाली?" मी तेव्हा अकरा वर्षं पुनर्वसन विभागात मदतनीस होते. विभाग म्हणजे एक खोली, दोन गाद्या, धरून चालायला एक लाकडी कठडा आणि मी. माझ्या काळात दोन थेरपिस्ट आले आणि वर्षाच्या आत गेले, म्हणून हिचं नाव मी पहिल्या दिवशी नीट ऐकूनही घेतलं नाही.

"फारिसाईच्या आई तुम्हीच ना?" तिने विचारलं. "आपल्याकडे मक्याचं पीठ मिळेल का? जुनं, किडलेलं असलं तरी चालेल."

"खायला?"

"खळ करायला."

तिने पिठाची खळ शिजवली, पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवले, वर जुनी वर्तमानपत्रं लावली आणि चार दिवस उन्हात वाळवून त्याची खुर्ची केली. लाकडासारखी कडक. खुर्ची होती तारेरा नावाच्या एका बाईच्या मुलासाठी. तो चार वर्षांचा होता आणि जन्मल्यापासून पाठीवर झोपून छप्पर बघत होता. त्याला त्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, तेव्हा त्याने आईचं तोंड पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. आईच लाजली. पदराने तोंड झाकावं तसा हात धरला तिने तोंडावर.

त्यानंतर मी शुवाईचं नाव पाठ केलं.

तिच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं तर करंगळी आणि शेजारच्या बोटावर कातडी ताणलेली, चकचकीत दिसायची. एकदा खळ ढवळताना मीच विचारलं. ती पाच वर्षांची असताना सादझाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, उकळत्या हंड्यात हात गेला होता. गावात कोणीतरी पाला बांधला, जखम भरली, पण बोटं एकमेकांना चिकटून मूठ झाली. तिच्या आत्याने तिला राजधानीत, हरारेला नेलं. आमच्यात मुलीचं खरं काही व्हायचं असेल तर ते आत्याच करते. तिथे शस्त्रक्रिया झाली आणि पुढे दोन वर्षं एका जाड चष्म्याच्या म्हाताऱ्या थेरपिस्टने तिला दर पंधरा दिवसांनी बोलावलं.

"तो मला टोपलीभर शेंगा सोलायला बसवायचा, माई," ती हसत म्हणाली. "मला वाटायचं, हा लबाड आहे. फुकटात शेंगा सोलून घेतो. आत्यालाही तसंच वाटायचं. ती म्हणायची, ह्याच्या बायकोने शेंगदाण्याचं लोणी काढायचा धंदा मांडलाय, आणि आपली पोर मजूर."

"आणि हात?"

"एक दिवस मी शाळेत दोन्ही हातांनी टाळी वाजवली. आवाज आला. आधी येत नव्हता."

त्या टाळीपायीच ती ह्या कामात आली. शाळा झाली, विद्यापीठात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण झालं. वर्गात चौदा जण होते, पदवी घेतल्यावर पाच वर्षांत दहा परदेशी गेले. शुवाईने लहान मुलांचं काम निवडलं आणि मुद्दाम खेड्यातली जागा मागितली. तिचे वडील म्हणाले होते, "एवढं शिकलीस ती पोरांना खेळवायला?" आमच्या आयाही तिला तेच म्हणायच्या, पण प्रेमाने. खेळाची बाई. दर गुरुवारी मुलांचा दिवस असायचा. पाठीवर मुलं बांधून बायका दहा-दहा मैल चालत यायच्या. काही मुलं आठ-नऊ वर्षांची, पाय जमिनीला टेकायचे, तरी पाठीवरच.

बहुतेकांना एकच दुखणं. जन्मताना श्वास कोंडला, मेंदूला इजा झाली, आणि मग अंग कधी लाकडासारखं, कधी चिंधीसारखं. सेरेब्रल पाल्सी. आया विचारायच्या, "कधी चालेल?" मी आपली म्हणायचे, देवाच्या मनात असेल तेव्हा. शुवाई तसं म्हणत नसे. ती खाली चटईवर बसायची, आईच्या बरोबरीने, आणि सांगायची, "चालणार नाही. पण बसेल. बसायला लागला की चमचा धरायला शिकवू."

मी एकदा तिला रागावले. "जरा गोड बोलावं माणसाने."

"खोटं सांगितलं की आई तीन महिने येते, माई. चालत नाही म्हटल्यावर थांबते. खरं सांगितलेल्या आया बघा, तीन वर्षं झाली तरी येतात."

एक गोष्ट मात्र तिने मला वेगळी शिकवली. एका परदेशी संस्थेकडून चाकाच्या खुर्च्या, पट्टे, औषधं यायची. त्यासाठी दर मुलाचा तक्ता भरावा लागे. पाच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवरचं मूल चालतं, पळताना अडखळतं. पाचव्या पायरीवरचं मूल मानही धरत नाही, त्याचं सगळं दुसऱ्याने करायचं. जितकी पायरी वरची, तितकी मदत जास्त. शुवाई म्हणाली, "खोटं लिहायचं नाही. फक्त वाईट दिवशी मोजायचं. चांगल्या दिवशी मूल कसंही निभावतं. मदत वाईट दिवशी लागते." आम्ही आठ वर्षं तशीच मोजणी केली. त्यामुळे आमच्या तालुक्याला शेजारच्यांपेक्षा जास्त खुर्च्या मिळाल्या, हे मला माहीत आहे.

मिशनच्या शाळेत गणित शिकवणारा नॉर्बर्ट खुर्चीच्या पाठीचा कोन काढून द्यायला यायचा. कोन एकदा काढला की पुरे होता, पण तो दर शनिवारी यायला लागला. मेट्रन म्हणाली, "ह्या मास्तरचं गणित काही सुटेना." पुढच्या वर्षी लग्न झालं. पहिला मुलगा टवाना, धडधाकट, अकराव्या महिन्यात चालायला लागला. तो चार वर्षांचा झाला आणि अनोतिदाचा जन्म झाला.

ती आमच्याच रुग्णालयात जन्मली. सकाळी सातला कळा सुरू झाल्या. दहाला वीज गेली. डॉक्टर मास्विंगो शहरात गेलेले, जनरेटरला डिझेल नव्हतं. दुपारी अडीचला मूल बाहेर आलं ते निळसर, आणि रडलं नाही. सुईणीने तोंडाने श्वास दिला. मी घड्याळाकडे पाहत उभी होते. नऊ मिनिटांनी ती रडली, मांजरीच्या पिल्लासारखी. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. शुवाईने मला विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चार असतील."

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा ती रजेवरूनच एका गुरुवारी विभागात आली. आया गेल्या होत्या. तिने अनोतिदाला गादीवर ठेवलं, हात सॅनिटायझरने पुसले, आणि जशी कोणाच्याही मुलाला तपासायची तशी तपासायला लागली. मान उचलून पाहिली. तळव्याला बोट लावलं. बाळाचा अंगठा मुठीच्या आत होता, तिने बाहेर काढला, तो पुन्हा आत गेला. तिने पुन्हा काढला. असं सहा-सात वेळा.

"लहान बाळं मूठ धरतातच," मी म्हणाले.

"मी तुम्हाला असं शिकवलंय का?"

ती चटईवर खाली बसली, आयांच्या जागेवर. मग म्हणाली, "ही चालणार नाही, माई." आणि जरा थांबून, "कोणीतरी म्हणायला हवं होतं ना. मी म्हटलं."

तिची सासू नॉर्बर्टच्या गावाकडून, बुहेराहून आली. गोगो, म्हणजे आजी, आम्ही सगळे तिला तसंच म्हणतो. तोंडाची फटकळ बाई. नातीला मांडीवर घेऊन तिने पाहिलं आणि म्हणाली, "वर्षानुवर्षं लोकांची दुखणी हाताने कुरवाळत बसलीस, सूनबाई. एखादं हाताला चिकटून घरी आलं."

"आई, तसं नसतं," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग कसं असतं ते सांग, मास्तर."

शुवाई स्वयंपाकघरात गेली आणि लापशी ढवळत राहिली.

पण अनोतिदा वाढली. शुवाईने तिच्यासाठी एकामागोमाग चार खुर्च्या केल्या. पोर हसरी होती. कोंबडी पंख फडफडवत पळाली की अंग ताठ करून, मान मागे टाकून हसायची. बापाला शिंक आली तरी हसायची. आईला 'मा' आणि भावाला 'ता' एवढे दोन शब्द तिला यायचे. शेंगदाण्याचं लोणी घातलेली लापशी आवडायची. घास तोंडात ठेवला की शुवाई तिची हनुवटी खालून धरायची, म्हणजे गिळताना ठसका लागत नाही. एका घासाला एक मिनिट. एका जेवणाला तास.

ती चार वर्षांची असताना तिचे खुबे सरकायला लागले. अशा मुलांचे सरकतात. शस्त्रक्रिया वेळेत झाली तर थांबतात. आमच्याकडे तोवर परदेशी संस्थेने गाशा गुंडाळला होता, डॉक्टर निघून गेले होते आणि प्लास्टरची पावडर संपली होती. हरारेला हाडांचे सर्जन होते, पण लहान मुलांच्या खुब्यांना हात लावणारा शेवटचा माणूस परदेशी गेला होता. शुवाई दोनदा मुलीला घेऊन गेली आणि दोनदा तशीच परत आली.

तेव्हा तिच्या वर्गातल्या लवनेसने, जी समुद्रापलीकडे कधीच गेली होती, तिला कळवलं की तिथल्या मुलांच्या रुग्णालयात जागा आहेत आणि अनुभवी माणसं मिळत नाहीत. शुवाईने आधी कधी असला विचार केला नव्हता. आता केला तो मुलीच्या खुब्यांसाठी. तिने मला तसं स्पष्ट सांगितलं. "मला तिथे काम नकोय, माई. मला तिथलं ऑपरेशन थिएटर हवंय."

मुलाखत फोनवर झाली. फोनची रेंज रुग्णालयामागच्या कातळावरच मिळायची, म्हणून आम्ही दोघी सकाळी वर चढलो. मी पाण्याची बाटली धरून बाजूला बसले. त्यांनी विचारलं, कोणती साधनं वापरता. शुवाईने खळ, पुठ्ठे, शेंगा, सायकलची जुनी ट्यूब असं सगळं सांगितलं. पलीकडे शांतता झाली. मला वाटलं, झालं, आटोपलं. मग एका बाईने तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सांगितलं. आठवड्याने नोकरीचं पत्र आलं. त्यात रुजू होण्याची तारीख होती, म्हणून शुवाईने इथला राजीनामा दिला. मेट्रनने केक केला.

मग त्या देशात राहायच्या परवानगीची कागदपत्रं सुरू झाली. चौघांची वैद्यकीय तपासणी. अनोतिदासाठी आणखी एक कागद मागवला: मुलीला रोजच्या जगण्यात किती मदत लागते आणि पुढे किती लागेल, ह्याचा थेरपीच्या माणसाने दिलेला अहवाल. जिल्ह्यात थेरपिस्ट एकच, आणि ती मुलीची आई. शेवटी असं ठरलं की तपासणी मी करायची, कागद मी लिहायचा आणि सही रुग्णालयाच्या अधीक्षकांनी करायची.

मंगळवार होता. अनोतिदा खुर्चीत बसली होती, शुवाई खिडकीशी उभी.

"तिसरी पायरी लिहिते," मी म्हणाले. "धरल्यावर उभी राहते म्हणून."

"कोणी धरल्यावर? दोघींनी धरलं तर शेळीसुद्धा दोन पायांवर उभी राहील."

"बरं, चौथी."

"रविवारी ताप होता तेव्हा तिने मान धरली होती का?"

"ताप कोणाला येत नाही?"

"वाईट दिवशी मोजायचं. पाचवी लिहा."

मी पेन खाली ठेवलं. "अगं, हे लोक आपले संस्थेवाले नाहीत. हे आत घ्यायचं की नाही ते बघतायत. मला तरी असं वाटतं की थोडं कमी लिहावं."

"कमी लिहिलं तर तिथे तिला साधी खुर्ची देतील. शस्त्रक्रियेच्या रांगेत शेवटी टाकतील. माई, त्या देशात ज्या मुलाची गरज मोठी त्याला आधी मिळतं. मी सगळं वाचलंय." ती माझ्याशेजारी येऊन बसली. "आठ वर्षांत आपण कधी कमी लिहिलं का? आणि लिहिलं असतं तर कुणाला काय मिळालं असतं?"

मी पाचवी लिहिलं. पुढची यादी तिने सांगितली आणि मी उतरवली. दोन्ही खुब्यांची शस्त्रक्रिया. दर दोन वर्षांनी नवी खुर्ची. उचलायला दोन माणसं. भरवायला दिवसाचे चार तास. हे जन्मभर. ती इतकी नीट, इतकी क्रमवार सांगत होती की मला तिचा अभिमान वाटला. इतका चांगला अहवाल आमच्या विभागातून कधी गेला नव्हता.

चार महिन्यांनी उत्तर आलं. नॉर्बर्टने ते कातळावर जाऊन फोनवर घेतलं आणि खाली येऊन शुवाईच्या हातात फोन दिला. मी तिथेच होते. आमचीच यादी होती, त्याच क्रमाने. खाली लिहिलं होतं की एवढा भार त्या देशातल्या लोकांवर टाकता येत नाही, म्हणून ह्या मुलीसह कुटुंबाला परवानगी नाही. नोकरीची परवानगी कायम आहे. आई एकटी येऊ शकते. मुलीला कधीही आणणार नाही असं लिहून दिलं तर बाकीचे दोघेही.

"माझीच वाक्यं आहेत, माई," शुवाई म्हणाली.

नॉर्बर्ट म्हणाला, "चौथी लिहिलं असतं तर?"

तो हे एकदाच म्हणाला. पुढे कधीच नाही. पण ते म्हटलं गेलं. चौथी लिहून काही झालं असतं का, ते त्याला माहीत नव्हतं, मला नाही, कोणालाच नाही.

ती मेट्रनकडे गेली, राजीनामा मागे घ्यायला. मेट्रनने तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "जागा गोठवली गं. तू गेलीस आणि वरून पत्र आलं. आता त्या जागेवर कोणालाच घेता येत नाही. तुलाही नाही." शुवाई तरीही पाच महिने येत राहिली, बिनपगारी, गुरुवारच्या गुरुवारी. मग रुग्णालयाचं घर सोडावं लागलं. चौघं नॉर्बर्टच्या शाळेतल्या एका खोलीत राहायला गेले. दुसऱ्या रुग्णालयांत तिने अर्ज केले. सगळीकडे जागा गोठलेल्या. त्या एका खोलीत अनोतिदाची खुर्ची ठेवली की दार अर्धंच उघडायचं.

"तू जा," नॉर्बर्ट म्हणाला. "तिथे जाऊन अपील कर. तिथल्या माणसाचं ते ऐकतील. इथून आपलं कोण ऐकतंय?"

मीही म्हणाले, जा. हे मी लपवणार नाही.

अनोतिदाला गोगोकडे बुहेराला ठेवायचं ठरलं, नॉर्बर्ट दिवसभर शाळेत असायचा म्हणून. गोगोला वाचता येत नव्हतं. शुवाईने झोपडीच्या भिंतीवर कोळशाने चित्रं काढली: पाय असा ओढायचा, कुशी अशी बदलायची, भरवताना डोकं असं. गोगो चित्रांकडे बघत म्हणाली, "सूनबाई, मी नऊ लेकरं वाढवली. एकालाही चित्रात बघून वाढवलं नाही." मग पोरीला उचलून पाठीवर बांधलं आणि म्हणाली, "जा. मी आहे ना." त्या म्हातारीला मी तोवर चांगली समजत नव्हते.

तिकडे शुवाईला काम मिळालं ते अनोतिदासारख्याच मुलांचं. फोनवर ती सांगायची. बटण दाबलं की खुर्ची वर येते. पाण्याच्या गरम टाकीत मुलांना सोडतात. डोळ्यांनी बघून बोलायचं यंत्र आहे. एक पाच वर्षांचा मुलगा आहे, पाचव्या पायरीवरचा, त्याचे दोन्ही खुबे नीट बसवलेत. "खरंच मिळतं, माई," ती म्हणाली. "मी वाचलं होतं ते खरंच होतं. फक्त तिथल्या मुलांना."

तिने पहिलं अपील केलं. आठ महिन्यांनी नकार. दुसरं केलं. त्याच्या उत्तरात लिहिलं होतं की ह्यापुढे पत्रव्यवहार करू नये. दीड वर्ष झालं. टवाना शाळेत कोणाशी बोलेनासा झाला होता. तेव्हा त्या दोघांनी तो कागद भरला, मुलीला कधीही आणणार नाही असा. शुवाईची सही तिकडून आली होती, नॉर्बर्टने इथे केली. साक्षीदार लागत होता. साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

बाप-लेक गेले. मी महिन्यातून एकदा बुहेराची बस धरायचे. गोगो जमेल तेवढं करत होती, आणि जमत होतं त्याहून जास्त. पण मूल वाढतं आणि म्हातारी आटते. सात वर्षांची अनोतिदा तिला उचलवेना. शेजारच्या बायका पहिल्या वर्षी यायच्या, दुसऱ्या वर्षी कमी. पोर दिवसभर चटईवर एका कुशीवर पडून राहायला लागली. गुडघे वर गेले आणि सरळ होईनात. ठसका नको म्हणून गोगो तिला पातळ पाणीदार लापशी द्यायची. 'ता' हा शब्द आधी गेला. मग 'मा' गेला. नेमका कधी, ते मला सांगता येत नाही. एका महिन्यात होता, नंतर कधीतरी लक्षात आलं की नाही.

तीन वर्षांनी शुवाई अकरा दिवसांच्या रजेवर आली. मी बरोबर गेले. तिने दारात वाकून, आमच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून सासूला नमस्कार केला, आत गेली आणि चटईपाशी गुडघ्यांवर बसली. अनोतिदाने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या खांद्यावरून दाराकडे, जिथून उजेड येत होता तिकडे पाहत राहिली.

शुवाईने बादलीत हात धुतले आणि तपासायला लागली. ती आकडे सांगायला लागली तसं मी सवयीने पिशवीतून वही काढली. "उजवा खुबा, पूर्ण निखळलेला. डावा, निखळलेला. गुडघे, साठ अंश, पुढे जात नाहीत. पाठीला वाक. कमरेवर जखम, दोन बोटं खोल." ती बोलत गेली, मी लिहीत गेले. मग ती मध्येच थांबली.

"राहू दे, माई. कोणाला पाठवायचंय?"

गोगो चुलीपाशी बसली होती. आता म्हणाली, "मी रोज कुशी बदलली. चित्रात होतं तसं. माझ्या हातांत जोर उरला नाही, पोरी." तिने सुनेला पोरी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. शुवाई उठून तिच्याजवळ गेली आणि तिचे पाय धरून बसली. दोघीही रडल्या नाहीत. मला वाटत होतं रडाव्यात.

ते अकरा दिवस शुवाईने मुलीला स्वतः भरवलं. एका घासाला एक मिनिट. जखम बरी व्हायला लागली. सातव्या दिवशी अंगणात कोंबड्या भांडल्या आणि आत चटईवर पोर हसली, मान मागे टाकून. शुवाई पळत आत गेली, पण तोवर हसू संपलं होतं. नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिने मला विचारलं, "माई, मी इथेच राहिले तर?" मी म्हणाले, "मग टवाना आणि नॉर्बर्ट तिकडे कोणाच्या परवान्यावर राहतील?" ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिला फक्त कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. बाराव्या दिवशी मी तिला रस्त्यापर्यंत सोडलं. बस आली तेव्हा ती म्हणाली, "तिकडे सोमवारी माझ्याकडे नवीन मूल आहे. मुलगी आहे. पाच वर्षांची." आणि चढली.

ह्याला दोन वर्षं झाली. ती पुन्हा आलेली नाही. फोन येतो. आधी दर रविवारी यायचा, आता महिन्यातून एकदा, मी बुहेराला असते त्या दिवशी. लवनेस सांगते की तिचं तिकडे फार नाव झालं आहे, नव्या लोकांना शिकवायला तिलाच बोलावतात. शुवाई स्वतः ते सांगत नाही.

आमच्या विभागात गुरुवारी आता पाच-सहा आया येतात. मूल चालणार नाही असं मी म्हणत नाही आणि चालेल असंही म्हणत नाही. डिसेंबरात मी निवृत्त होते. माझीही जागा गोठणार आहे, मेट्रनने सांगितलं.

गेल्या आठवड्यात मी बुहेराला गेले होते. जून, आमच्याकडचा थंडीचा महिना, जमिनीवर सकाळी पांढरं दव गोठलेलं. अनोतिदाला खोकला होता, छातीत घरघर. गोगो तिला भरवत होती. तिचा हात इतका कापत होता की चमच्यातली अर्धी लापशी गोधडीवर सांडत होती. मी चमचा घेतला, पोरीची हनुवटी धरली. सहा घास गेले, मग तिने तोंड मिटलं.

"दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हणाले.

"कशाने नेऊ? बसमध्ये चढवताना मागच्या वेळी तिचं हाड मोडलं." गोगोने गोधडी पुसली. "फारिसाईची आई, आधी मी जाईन की ही?"

मी चमचा धुऊन ठेवला. मग तिने विचारलं, पुढच्या महिन्यात येशील ना. मी म्हणाले, येईन. दुपारची एकच बस असते, ती चुकू नये म्हणून मी निघाले.